कडक भाकर

शनिवार, डिसेंबरचा पहिला आठवडा
स्मृती नगर, भिलाई

आई,

तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. रोजनिशीत तुझ्याविषयी पुष्कळ पानं आहेत, पण तुझ्याविषयी लिहिणं वेगळं आणि तुला लिहिणं वेगळं. तुझ्याविषयी लिहिते तेव्हा तू गप्प बसलेली असतेस आणि मी म्हणेन ते खरं असतं. गेलेल्या माणसांशी बोलू नये असं आपल्यात शिकवतात आणि मी ते मानते, म्हणून दुपारपासून स्वतःला समजावते आहे की हे बोलणं नव्हे, लिहिणं आहे. ही पळवाट आहे हे मलाही दिसतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिव्ह ना व पोरी, येवढा कायचा विचार करून राहिली."

कारण असं आहे की उद्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजनाचा, आणि उद्या चर्चमध्ये मोडून वाटायची भाकर मी करते आहे. पीठ मळून झालं, पातेलं शालीत गुंडाळून ओट्यावर ठेवलं आहे, आणि ते फुगेपर्यंत दुसरं काही सुचत नाही म्हणून हे लिहायला बसले. तुला हे ऐकून बरं वाटेल असं वाटत होतं, पण मग पुढचंही सांगायला हवं, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तू गेल्यापासून मी प्रभुभोजन घेतलेलं नाही. दर महिन्याला चर्चमध्ये जाते, गाणी म्हणते, आणि सगळे उठून पुढे जायला लागले की खाली बघत बसून राहते. जी स्वतः खात नाही तिनं ती भाकर करावी का, आणि केली तर उद्या तरी उठावं का, हे दोन दिवस माझ्या डोक्यात चाललं आहे.

चरोद्याच्या मावशींनी हे काम माझ्यावर टाकलं. तुझ्यानंतर त्याच करत आल्या. रेल्वे कॉलनीतल्या त्या लहानशा स्वयंपाकघरातून दर पहिल्या रविवारी डबा घेऊन यायच्या. परवा न्हाणीघरात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, भेटायला बोलावताहेत. "हात गेला बाई माहा कामातून," त्या म्हणाल्या, "आता या रविवारची भाकर तूच कर. तुह्या मायच्या हातचं पाहून पाहून येतच असन तुले." मी म्हटलं, "मावशी, मी स्वतः घेत नाही. तुम्हाला ठाऊक आहे ना?" तर म्हणतात, "ठाव आहे. मी तुले घे मनलं का? बनव मनलं." मी काहीतरी पुटपुटले की माझं मन तसं नाही, मन तयार नसताना हात लावणं बरोबर वाटत नाही. "पीठ मळाले दोन हात लागते, पोरी," मावशी म्हणाल्या, "मले एकच उरला. तुह्याजवळ दोन आहेत. मन बिन मंग पाहू." आणि फोन ठेवून दिला. शाळेत वर्गासमोर बोलताना मला कधी शब्द कमी पडत नाहीत. मावशींपुढे नेहमी पडतात.

घरी नात तुझी हसते आहे. कॉलेजात गेली आता. मराठी समजते, पण उत्तर हिंदीतूनच देते. "मम्मी, ब्रेड तो ऑनलाइन आ जाती ना, दस मिनट में. इतनी मेहनत क्यों?" मी म्हटलं, ही विकतची चालत नाही. ती म्हणाली, "क्यों? येशू को पता चल जाएगा क्या?" मी रागावणार होते, पण तुझी शेजारीण आठवली आणि हसूच आलं.

आठवते का तुला ती? सेक्टरमधल्या आपल्या क्वार्टरला लागून त्यांचं क्वार्टर, माणसं भंडाऱ्याकडची, काका बाबांबरोबरच पोलादाच्या प्लांटमध्ये, कोक ओव्हनच्या भट्टीला. शनिवारी संध्याकाळी तू भाकर भाजायला सिगडीवर मोठ्या पातेल्यात वाळू तापवायला लागलीस की काकू आवाराच्या भिंतीवरून डोकवायच्या. "काय वो, उद्या तुमच्या देवाची पंगत हाय ना?" तू हो म्हणायचीस. "अन् येवढ्या पंगतीले येकच पाव? येवढ्यात आमचा जावईबी उपाशी उठन." तू हात न थांबवता म्हणायचीस, "आमच्या पंगतीत आग्रह नाई करत वैनी, मनून पुरते." काकू इतक्या मोठ्यानं हसायच्या की आतून काका विचारायचे, काय झालं. आपण तिला भाकर म्हणायचो, पण असायचा तो जाडजूड पावच, निम्मा मैदा, निम्मी कणिक. सकाळी तू त्याच्या कडा कापून आम्हा भावंडांना द्यायचीस आणि मधला पांढरा भाग स्वच्छ फडक्यात बांधून चर्चला न्यायचीस. कडांना आशीर्वाद नाही, म्हणून त्या खाऊ, आणि मधला भाग देवाचा, हे मला कुणी न शिकवता कळलं होतं.

आणि मग ती कडक भाकर. तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. असेच थंडीचे दिवस होते. थंडीत पीठ फुगेना म्हणून त्या शनिवारी तू भाजणं सकाळवर ठेवलंस आणि रात्री पातेल्याला बाबांचा प्लांटचा जाड कोट गुंडाळून ते सिगडीजवळ ठेवलंस. त्या रविवारी बाबांची सकाळची शिफ्ट होती. अंधारात उठले, आपल्याला कुणाला उठवलं नाही, पातेल्यावरचा कोट काढला, झाकण नीट बसवलं आणि सायकल काढून निघून गेले. उजाडता तू स्वयंपाकघरात जातेस, आणि मला अजून ऐकू येतो तो तुझा आवाज: "अगं माय!" पातेलं थंडगार, पीठ रात्री होतं तेवढंच, गोळा होऊन बसलेलं. दुसरं करायला वेळ नव्हता. बेकरी तेव्हा रविवारी उघडत नसे. तू ते तसंच भाजलंस. बाहेर आलं ते विटेसारखं. तू त्याच्याकडे बघत उभी होतीस आणि मला वाटलं, आता तू रडशील, पण तू फडकं घेतलंस आणि बांधलंस.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी प्रार्थना करून ती हातात घेतली आणि मोडायला गेले, तर मोडेना. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा 'टक्' असा आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला. तू मान खाली घातलीस. मग सगळे पुढे जाऊन आले आणि चर्चभर फक्त चावण्याचा आवाज. मी लहान होते, मला मिळत नसे, पण लोकांची हलणारी तोंडं बघून मी खुदखुदत होते आणि तू माझ्या मांडीला चिमटा काढलास. उपासना संपल्यावर तू मागच्या दारानं सटकायला बघत होतीस, तर दुर्गहून येणारी ती म्हातारी आजी आडवी आली. तोंडात एकही दात नाही तिच्या. तू आधीच हात जोडलेस. म्हणालीस, "आजी, माफ करजा, आज कडक झाली." आजीनं तुझे जोडलेले हात धरले. "कावून माफ करू वो? दर खेपेला प्रभू तोंडात येते अन् पटकन चालला जाते. आज बसला माह्याजवळ घटकाभर."

बसस्टॉपपर्यंत तू तोंडात पदर धरून हसत होतीस. 

दुपारी बाबा आले. तू जेवायला वाढलंस आणि मग विचारलंस, "कोट कुटून उचलला सकाळी?" बाबांना काही कळेना. म्हणाले, "सिगडीजवळ पातेल्यावर होता. ऊन ऊन लागला अंगाले. मी मनलं, बायकोनं थंडी पाहून शेकून ठेवला. गेटपर्यंत देवाचे आभार मानत गेलो मी, अशी बायको देल्ली मनून." तू पळी हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिलीस. "तुमचा झाला आशीर्वाद," तू म्हणालीस, "अन् माहा झाला सत्यानाश!" मग सगळी गोष्ट सांगितलीस, पाळकसाहेब, टक् आवाज, आजी. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. शेवटी डोळे पुसत तू जे म्हणालीस ते मी तेव्हा नुसतं ऐकलं होतं: "जशी झाली तशी नेली. त्यानं घेतली ना? परत थोडीच पाठवली?"

बाबांच्या त्या आभारांचं मला पुढे बरीच वर्षं कोडं होतं. जे आपल्यासाठी ठेवलंच नव्हतं त्याबद्दल माणूस देवाचे आभार मानतो, तर ते आभार खरे की चुकीचे? मी असल्या गोष्टींचा विचार करत बसते हे तुला ठाऊक आहे. आज पातेल्याला शाल गुंडाळताना वाटलं की कोट ऊन होता एवढं तर खरंच होतं. थंडीत अंधारात सायकलवर निघालेल्या माणसाला ऊब मिळाली आणि त्यानं ती कुठून आली हे ओळखलं. पत्ता थोडा चुकला असेल, पण अगदीच चुकला असंही म्हणवत नाही, कारण कोट तिथं ठेवणारे हात तुझेच होते. मला मात्र आयुष्यभर उलट भीती वाटत आली आहे. आपल्याला मिळालेलं खरंच आपल्यासाठी आहे का याची खात्री झाल्याशिवाय मी हातच लावत नाही.

हे तू फार लवकर ओळखलं होतंस. माझं दृढीकरण झालं, मोठ्यांसारखं प्रभुभोजन घ्यायची मुभा मिळाली, त्या वर्षीचा पावसाळा. नव्यानंच प्रभुभोजन घ्यायला लागले होते आणि एका रविवारी मी उठलेच नाही. प्रार्थनेत माझं मन लागत नव्हतं, समोरच्या मुलीच्या नव्या चपलांकडे लक्ष जात होतं, आणि पाळकसाहेब नेहमी सांगायचे की आधी स्वतःला तपासा. मी तपासलं आणि मला स्वतःत नापास होण्यासारखं बरंच सापडलं.  घरी आल्यावर पानं घेतलीस, सगळ्यांना भात वाढलास, आणि माझ्या ताटाजवळ आलीस तशी पळी वरच धरून थांबलीस. "तू थांब," म्हणालीस, "लायक झाली का तू जेवाले? सकाळपासून काय केलं, सांग." मला वाटलं थट्टा करते आहेस. पण तू हसत नव्हतीस.  माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी भूक लागली होती. मग तू भात वाढलास, रोजच्यापेक्षा जास्त, वर वरण घातलंस आणि म्हणालीस, "जेव. भूक लागते मनून जेवते माणूस. लायक होयाची वाट पाहाल तं मरून जाल उपाशी."

तेव्हा मला तुझा फार राग आला होता. आज लिहिताना येत नाही.

जेवताना आभाराची प्रार्थना एक दिवस बाबा करायचे आणि एक दिवस तू. बाबांची पाळी आली की आम्ही हवालदिल व्हायचो, कारण ते आदामापासून सुरू करायचे, आणि आमेनपर्यंत येईस्तोवर वरणावर साय धरायची. तुझी प्रार्थना म्हणजे त्या दिवसाच्या बातम्या. नळाला पाणी आलं. वैनीच्या पोरीचं जमलं. हे शिफ्टवरून धड आले. आमेन. कोक ओव्हनला काम करणारा नवरा रोज धड घरी येणं ही केवढी गोष्ट होती, हे मला लग्नानंतर, माझा नवरा उशिरा यायला लागला तेव्हा कळलं. तुझ्या प्रार्थनेत मोठं असं काही नसायचं म्हणून मी लहानपणी तुला बाबांपेक्षा कमी भक्त समजत होते. आता वाटतं, तुला देवाची देणी दिसायची, आणि मला नुसती त्यांच्याविषयी मतं होती.

मग तुझं आजारपण. ते सगळं मी इथं लिहिणार नाही, तू त्यातूनच गेलीस, तुला काय सांगायचं. एकच दिवस लिहिते. पाळकसाहेब वॉर्डात प्रभुभोजन घेऊन आले होते. तुला गिळता येत नव्हतं. त्यांनी द्राक्षारसात भिजवलेला कणभर तुकडा चमच्यानं तुझ्या ओठांना लावला आणि तू डोळे मिटलेस. तुझ्या तोंडावर असं काही समाधान आलं की मला ते सहनच झालं नाही. मनात आलं, हिला एवढं सगळं सोसायला लावून वर हा कण! पाळकसाहेबांनी तुकडा माझ्यापुढे केला आणि मी मान हलवली. नको. ते घोटाळले. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात त्यांना म्हणालीस, "राहू द्या. मंग घेईन पोरगी."

त्यानंतर चार-पाच दिवसांत तू गेलीस. दफनाच्या वेळी सगळे देवाचे आभार मानत होते, तुझ्या आयुष्याबद्दल, आणि मला ते म्हणवेना. पुढच्या पहिल्या रविवारी मी उठले नाही. मनात आभार नाहीत तर हात पुढे कसा करू, खोटं कसं घेऊ, असं मी रोजनिशीत लिहिलं, आणि ते मला फार प्रामाणिक वाटलं. राग पुढे दोनेक वर्षांत ओसरला. पण न उठण्याची सवय झाली होती, आणि प्रत्येक महिन्याला नवं काही ना काही कारण सापडत गेलं. कधी चिडचिड, कधी जावेबद्दल मनात आलेलं वाईट, कधी नुसतंच कोरडेपण. तपासायला बसलं की सापडतंच. चर्चमधल्या कुणी मला एका शब्दानं विचारलं नाही. मी त्याला त्यांचा चांगुलपणा म्हणत आले.

आज पीठ मळताना मात्र एक गोष्ट लक्षात आली आणि मी तशीच हात भरलेले घेऊन उभी राहिले. इतकी वर्षं दर पहिल्या रविवारी उपासना संपली की मावशी माझ्याकडे येतात आणि पर्समधून एक पुडी काढून माझ्या हातात देतात. "पोरीले दे," म्हणतात. त्यात भाकरीच्या कापलेल्या कडा असतात. पोरीनं लहानपणी एक-दोनदा खाल्ल्या, मग तिला आवडेनाशा झाल्या. मावशींना हे मी सांगितलंही होतं. तरी पुडी येतच राहिली. त्या कडा मी खाते, आई. रविवारी दुपारी, चहाबरोबर, उभ्या उभ्या, ओट्याशी. ज्या भाकरीला मी नको म्हणत होते, तिच्याच कडांवर मी इतकी वर्षं काढली, आणि मला कधी वाटलंच नाही की कुणी मला जेवू घालतं आहे. मावशींनी हे ठरवून केलं की त्यांना फक्त अन्न टाकवत नव्हतं, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणतील, "तू लय इचार करते." बाबा असते तर गेटपर्यंत आभार मानत गेले असते.

याचा अर्थ माझं मन एकदम बदललं असं नाही. तसं लिहिलं तर छान दिसेल, पण खरं होणार नाही. मळताना मी तुझ्यासारखे आभार मानून बघितले. नळाला पाणी आहे. पोरगी घरात आहे, हसते आहे. मावशींचा हात मोडला पण डोकं वाचलं. एवढं म्हणून थांबले, पुढे काही आलं नाही. आतून काही भरून वगैरे आलं नाही. पण हे तीन तरी खरे होते, आणि ते म्हणताना मला ओशाळल्यासारखं झालं नाही.

मधे उठून शाल काढून बघितलं. फुगलं आहे, पण एका बाजूनं जास्त, एका बाजूनं कमी. नातीनं बघून सांगितलं, "मम्मी, ये तो टेढ़ा है." मी म्हटलं, राहू दे. ओव्हन लावला. आता घरभर वास सुटला आहे आणि ती दोनदा विचारून गेली, कधी होणार, थोडं मिळेल का.

एक गोष्ट राहिली. ही मी रोजनिशीतही कधी लिहिली नाही. प्रभुभोजन घ्यायचं त्या सकाळी आपल्या घरी लहान मुलं सोडून कुणी काही खात नसे, चहासुद्धा नाही. चर्चहून आल्यावरच स्वयंपाकाची चूल पेटायची. मी ही रीत मोडली नाही, आई, उलट वापरली. इतकी वर्षं पहिल्या रविवारी सकाळी मी पोहे करते आणि पोटभर खाऊन घेते. इतर रविवारी करत नाही, त्याच रविवारी करते. मग चर्चमध्ये उठायचं की नाही हा प्रश्नच राहत नाही, तो घरी, ओट्याशीच मिटलेला असतो. बाकावर बसून मी स्वतःला तपासते असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटत आलं. खरं म्हणजे तपासायला काही उरलेलंच नसायचं. मी जेवून आलेली असायचे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा घडी घालून ठेवते.

उद्या: सकाळी पोहे करायचे नाहीत.